वर्षाखेरीचें संमेलन आणि सहल



शाळेचें वर्ष परीक्षेनें संपतें, असें शाळेची नियमावलि सांगते. पण शाळेंत शिकून बाहेर पडलेल्या माणसाची आठवण निराळेंच सांगते. कोणत्या इयत्तेंत गणितांत किती गुण मिळाले हें वीस-पंचवीस वर्षांनंतर कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. स्नेहसंमेलनाच्या नाटकांत आपल्या वाट्यास भालदाराचें काम आलें होतें, त्यांत एकच वाक्य होतें, आणि तेंही ऐन वेळीं तोंडांतून निघालें नाहीं, हें मात्र पक्कें आठवतें. सहलीच्या दिवशीं आईनें पहांटे चुलीपुढें बसून भाकरी भाजल्या आणि फडक्यांत बांधून दिल्या, हेंही आठवतें. या दोन दिवसांचा इतिहास कोणीं फारसा लिहिलेला नाहीं. इतिहासकारांना शाळेच्या स्थापनेची तारीख, इमारतीचा खर्च आणि परीक्षेचे निकाल हवे असतात. परंतु शाळेनें कोणाकोणाला आपलें मानलें, हें पाहावयाचें असेल तर संमेलनाच्या मांडवांत आणि सहलीच्या पंगतींतच पाहावें लागतें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

ही हकीकत सांगतांना पुणें-मुंबई समोर न ठेवतां यवतमाळ जिल्ह्यांतील दिग्रस हें गांव मीं मुद्दाम समोर ठेविलें आहे. धावंडा नदीच्या कांठचें हें गांव पूर्वीं दारव्हा तालुक्यांत मोडे; आतां तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण आहे. घंटीबाबांचें दिग्रस आणि कापसाच्या बाजाराचें दिग्रस, अशी त्याची दुहेरी ओळख. मराठी बोलणारे शेतकरी आणि कारागीर, व्यापाराच्या निमित्तानें येऊन स्थायिक झालेलीं मारवाडी घरें, उर्दू बोलणारे मुसलमान, आणि भोवतालच्या तांड्यांवर राहणारे, घरांत गोरमाटी बोलणारे बंजारा लोक, असें या मुलखाचें मिश्रण आहे. अशा गांवांतील हायस्कूलच्या एका वर्गांत जेवढी विविधता बसते, तेवढी मोठ्या शहरांतील एखाद्या नामांकित शाळेंतही बसत नसेल.

या मुलखाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतों. १८५३ सालच्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें गेलें, आणि पूर्वीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा भाग १९०५ पासून यवतमाळ जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळांत मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळास जाणारी अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली. लोकांनीं पुढें तिला लाडानें 'शकुंतला' म्हटलें. ती घातली होती कापसासाठीं. माणसांचा विचार मागाहून. दिग्रसच्या मनुष्यास ती गाडी गांठावयाची तर आधीं दारव्ह्याची वाट तुडवावी लागे.

हायस्कूल ही वस्तु त्या काळीं गाडीहूनही दूर होती. पुसद तालुक्यांतील गहुली येथें १ जुलै १९१३ रोजीं जन्मलेले आणि पुढें १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद भूषविलेले वसंतराव नाईक यांनाही शिक्षणासाठीं एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जात जात शेवटीं नागपूर गांठावें लागलें. खटपट करून शहर गांठणारा एखादाच. बाकीच्यांची विद्या गांवच्या चौथींतच थांबे. १९३० नंतरच्या काळांत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शिक्षणसंस्था उभारल्या. १९४८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत जनपद सभा आल्या, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. मग तालुक्यातालुक्यांत हायस्कूलें वाढूं लागलीं, आणि त्यांच्याबरोबर आलें वर्षाखेरीचें संमेलन आणि सहल.

संमेलनाचें बीज मात्र शहरांतलें. त्याआधीं सरकारी शाळांत बक्षीससमारंभ असे. साहेब अध्यक्षस्थानीं बसे, हेडमास्तर अहवाल वाची, चार हुशार मुलें पुस्तकें घेऊन खालीं उतरत, आणि उरलेल्या मुलांचें काम टाळ्या वाजविण्याचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत आणि शाळांत 'गॅदरिंग' रूढ झालें, तेव्हां या चित्रांत फरक पडला. आजी विद्यार्थी, माजी विद्यार्थी, शिक्षक आणि गांवांतील प्रतिष्ठित मंडळी एकत्र जमूं लागली. गॅदरिंगला कोणीं तरी 'स्नेहसंमेलन' हें सुंदर नांव दिलें, आणि तें टिकलें.

२ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या एका समारंभाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८८५ सालीं हिराबागेंत हा समारंभ होता. दाराशीं निमंत्रणपत्रिका पाहण्याचें काम एका तरुण शिक्षकाकडे दिलें होतें. न्यायमूर्ति रानडे आले. त्यांच्याजवळ पत्रिका नव्हती. त्या तरुणानें त्यांना नम्रपणें पण ठामपणें थांबविलें, आणि दुसऱ्या एका गृहस्थानें मध्यें पडून व्यवस्था केल्यावरच रानडे आंत गेले, असें सांगतात. तो तरुण म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. पुढें तेच रानड्यांचे शिष्य झाले. ही गोष्ट आपण गोखल्यांच्या कर्तव्यनिष्ठेसाठीं सांगतों. पण तिच्यांत दुसरेंही कांहीं आहे. शाळेच्या संमेलनास दार असतें, दारावर कोणी तरी उभा असतो, आणि कोण आंत व कोण बाहेर हें तेथें ठरतें. रानड्यांसाठीं मध्यें पडणारा गृहस्थ निघाला. ज्यांच्यासाठीं असा कोणी निघत नव्हता, त्यांचा प्रश्न पुढें अनेक वर्षें शिल्लकच राहिला.

संमेलनांत नाटक आलें, आणि तेंच त्याचें मुख्य आकर्षण होऊन बसलें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून महाराष्ट्रांत नाटकाचें वेड घरोघर शिरलें होतें. शाळा त्याला अपवाद कशी राहणार? धंदेवाईक कंपन्यांत पुरुष स्त्रीभूमिका करीत, तशींच शाळेंतही मुलगेच शकुंतला आणि शारदा होत. १ जुलै १९३३ रोजीं मुंबईस नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक सादर केलें, त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. तरी तालुक्याच्या गांवीं मुलीनें संमेलनाच्या रंगमंचावर उभें राहणें ही गोष्ट पुढेंही कितीतरी वर्षें चर्चेची राहिली. मुलगी प्रथम आली ती ईशस्तवनाला आणि स्वागतगीताला, चारचौघींच्या घोळक्यांत. मग समूहनृत्याला. एकटीनें पुढें येऊन भाषण करण्यास तिला सर्वांत अधिक काळ लागला. वर्गांतील बांकावर मिळालेली जागा आणि मांडवांतील उजेडांत मिळालेली जागा यांत हें अंतर होतें.

संमेलनाचें दुसरें अंग म्हणजे हस्तलिखित मासिक. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं स्वतःच्या हातानें लिहून दैनिक चालविलें, हें सर्वांस माहीत आहे. शाळाशाळांतून निघणारीं हस्तलिखितें ही त्याच वृत्तीचीं भावंडें. ज्याचें अक्षर वळणदार तो लेखनिक, ज्याला चित्रकला येई तो मुखपृष्ठ रंगवी, आणि ज्याला यांतलें कांहींच येत नसे तो शाई आणि दोरा पुरवी. संमेलनाच्या दिवशीं तें हस्तलिखित मेजावर मांडलें जाई. गांवांतल्या ज्या बापाला वाचतां येत नसे तोही त्या पानांवरून बोट फिरवून आपल्या मुलाचें नांव कोणतें हें विचारी.

शाळेचा उत्सव हा केवळ करमणुकीचा प्रसंग, असें मानणारांनीं शेजारच्या वर्धा जिल्ह्याकडे पाहावें. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास जी शिक्षण-परिषद भरली, जिच्यांतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिति आणि मूलोद्योग शिक्षणाची वर्धा योजना निघाली, ती परिषद तेथील मारवाडी शिक्षण मंडळाच्या हायस्कुलाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानें भरलेली होती. शाळेनें उत्सव करावयाचा, तर त्या निमित्तानें देशांतील शिक्षकांनीं एकत्र बसून शिक्षणाचाच विचार करावा, असें ठरलें. अध्यक्षस्थानीं महात्मा गांधी होते. एका शाळेचा वाढदिवस साऱ्या देशाच्या शिक्षणचर्चेचा दिवस झाला, तो असा.

आतां सहलीकडे वळूं. संमेलनांत गांव शाळेकडे येतें. सहलींत शाळा गांवाबाहेर पडते. दिग्रसच्या परिसरांत प्रवास ही नवी विद्या नव्हे. आगगाडीपूर्वीं बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडों कोस हिंडत असे. त्यांच्या तांड्यांना वाटा, पाणवठे आणि घाट तोंडपाठ होते. रस्ते आणि आगगाड्या आल्या, तसा तो व्यापार बुडाला, आणि तांडे जागच्या जागीं बसले. ज्यांच्या पूर्वजांना देशाचा भूगोल पायांनीं माहीत होता, त्यांचीं नातवंडें वर्गांत बसून भिंतीवरच्या नकाशांत नद्या शोधूं लागलीं. म्हणूनच मुलांना घेऊन बाहेर पडणारा शिक्षक त्यांना कांहीं अगदींच अपरिचित शिकवीत नव्हता. त्यांच्या घरांत पूर्वीं असलेलीच एक गोष्ट तो त्यांना परत देत होता.

दिग्रसहून जवळची वाट पोहरादेवीची. आज वाशिम जिल्ह्यांत असलेल्या या स्थानीं संत सेवालाल महाराज यांची समाधि आहे. त्यांचा जन्म १७३९ चा आणि निर्वाण १८०६ चें. रामनवमीस तेथें देशभरांतून बंजारा समाज लोटतो. शाळेची सहल तेथें जाते तेव्हां एक गमतीचा पालट घडतो. वर्गांत ज्या मुलाला मराठीचें व्याकरण अडतें, आणि जो मागच्या बांकावर गप्प असतो, तोच तेथें पुढें होऊन गुरुजींना एकेका गोष्टीचा अर्थ सांगूं लागतो. त्या दिवसापुरता तो शिक्षक होतो.

दुसरी वाट माहूरची. रेणुकामातेचें देऊळ, दत्तशिखर, जुना किल्ला आणि डोंगरांत कोरलेलीं पांडवलेणीं यांमुळें भक्ति आणि इतिहास दोन्ही एकाच ठिकाणीं भेटतात. पण माहूरच्या वाटेवरील खरा धडा पैनगंगेच्या पात्रांत आहे. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांच्या कारभारांतील वऱ्हाड, पलीकडे निजामाचें राज्य. नदी ओलांडली कीं नाणें बदले, 'हाली' शिक्का सुरू होई. दरबारची भाषा बदलून उर्दू होई. दोन्ही तीरांवरचा शेतकरी मात्र तीच मराठी बोले आणि त्याच रेणुकेला नवस करी. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैद्राबाद संस्थान भारतांत सामील झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यांत आले. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. आज सहलीचीं मुलें गाणीं म्हणत ती नदी पार करतात आणि आपण एक सरहद्द ओलांडली हें त्यांच्या गांवींही नसतें. गुरुजींनीं गाडी क्षणभर थांबवून एवढें सांगितलें, तर पुस्तकांतील संस्थानांच्या विलीनीकरणाचा धडा त्यांस निराळा शिकवावा लागणार नाहीं.

तिसरें ठिकाण बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर, तळाशीं खारें पाणी, कांठानें जुनीं देवळें. लवणासुराची कथा लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें पुष्कळ काळ हें ज्वालामुखीचें मुख असावें असें मानीत. १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं खडकांची परीक्षा करून प्रसिद्ध केलें कीं, ही उल्कापाताची खूण आहे, आणि तीही काळ्या बेसाल्ट खडकांत, म्हणजे जगांत अत्यंत दुर्मिळ अशी. २०२० सालीं या सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें. म्हणजे १९७० पूर्वींच्या सहलींत विवराच्या कांठावर उभे राहून शिक्षकांनीं जें प्रामाणिकपणें सांगितलें, तें आज चूक ठरलें आहे. यांत त्या शिक्षकांना उणेपणा नाहीं. ज्ञान दुरुस्त होत जातें, हा धडा प्रत्यक्ष खडकावर उभे राहून शिकण्याचें भाग्य विदर्भांतील मुलांस घराशेजारीं लाभलें आहे, एवढेंच.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामाची सहलही या भागांतील शाळांच्या परिचयाची. १९३६ सालीं गांधीजी तेथें राहावयास आले. त्या वेळीं गांवाचें नांव शेगांव होतें. मातीच्या भिंतींची ती कुटी पाहून मुलांच्या तोंडून हमखास एकच उद्गार निघतो, कीं असलें घर तर आमच्या गांवांतही आहे. शिक्षकानें त्यापुढें कांहीं बोलूं नये हें उत्तम.

परंतु सहलीचा सर्वांत मोठा धडा स्थळांचा नव्हे, पंगतीचा आहे. १८९० सालीं पुण्यांत मिशनऱ्यांच्या घरीं चहा घेतला म्हणून रानडे, टिळक, गोखले यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला होता. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना पाणी पिण्याचा साधा हक्क बजावण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. ज्या देशांत एका चहाच्या पेल्यानें आणि एका ओंजळभर पाण्यानें समाज हादरत होता, त्या देशांत शाळेनें चाळीस-पन्नास मुलें घेऊन रानांत जावें, तीन दगडांची चूल मांडावी, गोवऱ्यांवर रोडगे भाजावे, वांग्याची भाजी करावी आणि सर्वांनीं एका ओळींत बसून जेवावें, ही लहान घटना नव्हे. आरंभीं अनेक ठिकाणीं या पंगतीही निरनिराळ्याच असत. घरून बांधून आणलेली शिदोरी कोणी कोणाशीं वांटून घ्यावी, यालाही अलिखित नियम होते. ते मोडले भाषणांनीं फार थोडे, आणि भुकेनें व मैत्रीनें पुष्कळ. दिवसभर डोंगर चढून आलेल्या मुलाला शेजाऱ्याच्या डब्यांतील ठेचा हवा असतो. त्या वेळीं तो डबा कोणाच्या घरचा हें तो विचारीत नाहीं. कायद्यानें जें १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेंत लिहिलें गेलें, तें अशा शेंकडों पंगतींतून अंगवळणीं पडत गेलें आहे. आणि जेथें अद्याप पडलें नाहीं, तेथें अशी पंगत आजही मांडली पाहिजे.

येथवर सांगितलें तें गोड. आतां कडू भाग सांगितला पाहिजे. संमेलनाचा आणि सहलीचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी. हवा थंड, आकाश स्वच्छ, सहामाही परीक्षा आटोपलेली. पण वऱ्हाडांत हाच कापूस वेचण्याचा हंगाम. सीतादही करून वेचणीस आरंभ झाला कीं घरांतलीं सर्व माणसें शेतांत असतात. ज्याच्या घरीं स्वतःचा कापूस, त्याच्या हातांत या दिवसांत पैसा खुळखुळतो, आणि त्याचा मुलगा सहलीची वर्गणी पहिल्याच दिवशीं भरतो. ज्याची आई दुसऱ्याच्या शेतांत वेचणीस जाते, त्याला सहलीच्या दिवशीं घरीं धाकटें भावंड सांभाळावें लागतें, किंवा आईबरोबर ओटी बांधून तासांत उभें राहावें लागतें. वर्गणीची यादी फळ्यावर लिहिली जाते. त्याचें नांव तींत येत नाहीं. विचारलें तर तो म्हणतो, "मला गाडी लागते." गुरुजीही पुढें विचारीत नाहींत. मुलींच्या बाबतींत कारण निराळें असतें आणि परिणाम तोच असतो. मुक्कामाची सहल म्हटली कीं आधीं मुलींचीं नांवें गळतात.

यांवर उपाय झालेच नाहींत असें नाहीं. एस. टी. महामंडळ शालेय सहलींना प्रवासभाड्यांत निम्मी सवलत देत आलें आहे, आणि त्या लाल गाडीनें खेड्यांतील मुलांना जेवढा महाराष्ट्र दाखविला तेवढा दुसऱ्या कोणींही दाखविला नसेल. पुष्कळ शिक्षकांनीं दोन-चार मुलांची वर्गणी गुपचूप स्वतःच्या पगारांतून भरली. त्याची नोंद कोणत्याही अहवालांत नाहीं. दुसरीकडे भीतीही वाढली. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि तें योग्यच झालें. मुलाचा जीव हा कोणत्याही धड्याहून मोठा आहे. पण कागदपत्रांच्या आणि जबाबदारीच्या भयानें शाळांनीं सहलच बंद करावी, हा मात्र उपाय नव्हे. पैसेवाल्या घरचा मुलगा आईबापांबरोबर कोठेंही जाऊं शकतो. शाळेची सहल बंद झाली तर घरीं राहणारा मुलगा कोण, हें सांगावयास नको.

संमेलनाचेंही रूप आतां पालटलें आहे. भाड्याचे पोशाख, मोठमोठे ध्वनिक्षेपक, तयार गाण्यांवरील नाच, यांनीं हस्तलिखित मासिक आणि नाटक मागें सारलें. काळाप्रमाणें रीत बदलणारच. तिच्याबद्दल अश्रु ढाळण्यांत अर्थ नाहीं. पण ज्या नाचांत भाग घेण्यास भाड्याचा पोशाख लागतो, त्याच्या दारावरही पत्रिका पाहणारा कोणी तरी उभा आहे, हें विसरूं नये. कागदाचा मुकुट आणि आईच्या लुगड्याचा पडदा पुरत होता, तेव्हां भालदाराचें काम कोणाच्याही वाट्यास येऊं शकत होतें.

दिग्रसच्या आणि दिग्रससारख्या गांवांतील शिक्षकबंधुभगिनींना शेवटीं एकच विनंति करावयाची आहे. शाळेंत रोज हजेरी घेतली जाते. एकादा मुलगा तीन दिवस आला नाहीं तर आपण चौकशी करतां, शेजारच्या मुलास त्याच्या घरीं धाडतां. तशीच हजेरी या वर्षीं सहलीचीही घ्यावी, आणि ती गाडी सुटतांना न घेतां, वर्गणीची यादी पुरी होण्याच्या आठ दिवस आधीं घ्यावी. जीं नांवें यादींत नाहींत तीं एका कागदावर लिहावीं, आणि त्या घरीं स्वतः जावें. कोठें दहा-वीस रुपयांचें काम असेल, कोठें एका दिवसाच्या मजुरीचें, कोठें बापाला धीर देण्याचें. पांच-सात नांवें खोडतां आलीं, तर पैनगंगेच्या कांठीं मांडलेल्या पंगतींत पांच-सात पानें अधिक वाढलीं जातील. तेवढ्यासाठींच हा सगळा इतिहास सांगितला.